गालाआडची वाट

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत सकाळच्या पाळीची वेळ झाली की पानठेल्यांवर खर्रा घोटण्याची घाई सुरू होते. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि ओला चुना पन्नीत घालायचा, पन्नीला पीळ द्यायचा आणि चुना सुपारीच्या प्रत्येक तुकड्याला लागेपर्यंत ती रगडायची. कामगार त्यातला चिमूटभर खर्रा गालाशी धरतो आणि मशीनपाशी पोचेपर्यंत त्याला तरतरी आलेली असते. त्याने धूर ओढलेला नाही की सुई टोचून घेतलेली नाही. गिळले म्हणावे तर तेही फारसे नाही, बरेचसे तो थुंकूनच देणार आहे. मग निकोटिन त्याच्या मेंदूपर्यंत कोणत्या वाटेने गेले?

गालाच्या आतल्या अस्तरातून. लस आणि सूक्ष्मकणांत भरलेली औषधे याच अस्तरातून शरीरात पोचवता यावीत, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा गेली काही दशके खटपट करत आहेत. विदर्भाला ही वाट नवी नाही. ती इथे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, मात्र तिच्यावरून आजवर औषधापेक्षा विषच जास्त गेले. ही वाट कशी आहे, तिच्यावरून औषध नेताना काय अडते आणि ती शाबूत राखणे हे नवे औषध शोधण्याइतकेच मोलाचे का आहे, ते या प्रकरणात पाहू.

चिमूटभर चुन्याचे काम

खर्ऱ्यात चुना कशासाठी? चवीसाठी, असे खाणारा सांगेल. खरे काम रसायनाचे आहे. निकोटिनचा रेणू पाण्यात दोन रूपांत राहतो, एक विद्युतभार असलेला आणि एक भार नसलेला. आपल्या पेशींची आवरणे स्निग्ध पदार्थांची असतात. भार असलेला रेणू तिथे अडतो आणि भार नसलेला सहज पार होतो. कोणते रूप किती असेल हे सामूवर, म्हणजे द्रव किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे यावर ठरते. सामू ७ असेल तर शंभरातले जेमतेम नऊ रेणू भाराविना असतात. सामू ८ झाला की निम्मे आणि ९ झाला की नव्वद. लाळेचा सामू साधारण ६.८ असतो. चुना तो वर चढवतो आणि निकोटिनला वाट मोकळी होते.

पानठेल्यावर हे अनुभवातून कळले होते, औषधशास्त्राने त्याचे गणित मांडले. तंबाखू सोडवण्यासाठी जे निकोटिनचे च्युइंगम देतात, त्यातही याच कारणासाठी सोड्यासारखे अल्कधर्मी क्षार घातलेले असतात. म्हणूनच ते सतत चघळायचे नसते. थोडे चावून गालाशी दाबून ठेवायचे, पुन्हा थोडे चावायचे. भराभर चावून लाळेबरोबर गिळले तर निकोटिन पोटात जाते आणि उपयोग कमी होतो.

आरशासमोर

आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि जिभेचे टोक टाळूला लावा. जिभेखाली दोन्ही बाजूंना निळसर शिरा दिसतील. त्या इतक्या स्पष्ट दिसतात, कारण त्यांच्यावरचे अस्तर फार पातळ आहे. तिथे त्याची जाडी मिलिमीटरच्या एक ते दोन दशांश एवढीच असते. गालाच्या आतले अस्तर त्यापेक्षा जाड, सुमारे अर्धा मिलिमीटर किंवा थोडे अधिक. त्यात पेशींचे चाळीस-पन्नास थर विटांसारखे रचलेले असतात. हिरड्यांवर आणि टाळूवर जसा कडक, शिंगासारखा थर असतो, तसा गालावर आणि जिभेखाली नसतो. हाताच्या कातडीच्या तुलनेत ही भिंत कितीतरी पटींनी पाझरू आहे. मात्र जागा थोडी. तोंडातले सगळे अस्तर पसरले तर ते दीड पोस्टकार्डाएवढे, म्हणजे सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर भरते.

या वाटेची खरी किंमत तिच्या पुढच्या टप्प्यात आहे. गोळी गिळली की ती जठरात जाते, तिथले आम्ल सोसते, आतड्यातून रक्तात उतरते आणि ते रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जाते. यकृत हा शरीराचा जकात नाका आहे. काही औषधांचा मोठा हिस्सा तिथेच मोडला जातो. तोंडाच्या अस्तरातून शिरलेले औषध मात्र मानेतल्या मोठ्या शिरेवाटे थेट हृदयाकडे जाते, हा नाका त्याला वाटेत लागतच नाही.

छातीत कळ आली की ज्येष्ठ माणसे खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली धरतात, ती याचसाठी. तिच्यातले औषध आहे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. दोन ते पाच मिनिटांत हृदयाच्या रक्तवाहिन्या सैलावू लागतात. ही गोळी घेताना खाली बसावे, ती पाण्याबरोबर गिळू नये आणि कळ थांबली नाही तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे.

या औषधाचे मोठे भावंड म्हणजे नायट्रोग्लिसरिन. १८४७ मध्ये आस्कानिओ सोब्रेरो या इटालियन रसायनज्ञाने ते जगासमोर आणले. त्याचा अंश जिभेला लागला तरी डोके ठणकते, हे त्याला तेव्हाच जाणवले होते. डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावल्याची ती खूण होती. पुढे आल्फ्रेड नोबेलने याच द्रवापासून डायनामाइट बनवले. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये हृदयशूळावरचे औषध म्हणून त्याची माहिती छापली. देशातल्या स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरात आहे. ज्या द्रवाच्या कुळातली स्फोटके या कार्यालयाच्या कक्षेत येतात, त्याच कुळातले औषध आपल्या आजोबांच्या जिभेखाली विरघळते.

पोलिओचे थेंब ही ती लस नव्हे

तोंडावाटे लस म्हटले की पोलिओचे थेंब आठवतात. १९९५ पासून पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर रांगा लागल्या आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले. पण ते थेंब गालाच्या अस्तरातून शिरत नाहीत. बाळ ते गिळते आणि त्यांतले दुबळे केलेले विषाणू मुख्यतः आतड्यात वाढून तिथे संरक्षण उभे करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटाव्हायरसवरची लसही गिळायचीच आहे. जिवंत विषाणूची लस जठरातून निभावते, कारण आतड्यात गेल्यावर ती स्वतःच वाढते. नुसत्या प्रथिनाची किंवा आरएनएची लस गिळली तर अन्नासारखी पचून जाईल. तिला जठराच्या आधीच आत घ्यायला हवे, म्हणजे तोंडातच.

तोंडाचे अस्तर हा शरीराचा पहारा असलेला भाग आहे. लाळेत ‘आयजीए’ नावाची प्रतिपिंडे असतात. ती जंतूला अस्तरावरच पकडतात, आत शिरू देत नाहीत. दंडात टोचलेली लस रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार करते, पण नाक, घसा आणि आतड्याच्या ओलसर पृष्ठभागावर ती तुलनेने कमी पोचतात. घराच्या आत पहारेकरी बसवले आणि फाटक उघडे राहिले, असे काहीसे होते. अस्तरावरच दिलेली लस फाटकावर पहारा बसवू शकते. शिवाय शरीरातली ओलसर अस्तरे एकमेकांशी जोडलेली आहेत. जिभेखाली लस देऊन फुप्फुसात संरक्षण उभे राहते, हे दक्षिण कोरियातल्या आंतरराष्ट्रीय लस संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये उंदरांवर, इन्फ्लुएंझाच्या विषाणूबाबत दाखवले.

मग अडते कुठे? तोंडाला एक सवय लागलेली आहे, सोसण्याची. दिवसभरात किती परकी प्रथिने इथून जातात! वरण, ज्वारीची भाकर, अंडी, दूध. प्रत्येकाविरुद्ध लढाई पुकारली तर जेवणच अशक्य होईल. म्हणून इथल्या रोगप्रतिकारक पेशी बहुतेक गोष्टींकडे कानाडोळा करतात. अॅलर्जीच्या उपचारात हाच गुण कामी येतो. धुळीतले कीटक किंवा परागकण यांचा अंश रोज जिभेखाली ठेवून शरीराला त्यांची सवय करतात, आणि परागकणांच्या अशा गोळ्यांना अमेरिकेतही २०१४ मध्ये मान्यता मिळाली. लसीला नेमके उलटे हवे असते, शरीराने दुर्लक्ष करू नये, जागे व्हावे. त्यासाठी लसीत उत्तेजक द्रव्य घालावे लागते. ते पेशींना जागे करील इतके तिखट आणि गाल सोलणार नाही इतके सौम्य असावे लागते. सगळे कसब इथेच लागते.

तरी वाट बंद नाही. स्पेनमध्ये तयार झालेल्या एमव्ही-१४० या लसीत लघवीच्या वाटेला जंतुसंसर्ग करणारे चार मारलेले जीवाणू आहेत. अननसाच्या चवीचा हा फवारा तीन महिने रोज जिभेखाली मारायचा असतो. इंग्लंडमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या ८९ रुग्णांना तो दिला गेला. नऊ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यांपैकी ५४ टक्के रुग्णांना त्या काळात एकदाही संसर्ग झालेला नव्हता. जिभेखाली दिलेली लस ओटीपोटात काम करते, हे यातून माणसांमध्ये दिसले.

लाळ, भिंत आणि कण

इन्शुलिनची सुई टळावी हे मधुमेह्यांचे जुने स्वप्न. २००८ च्या सुमारास मुंबईच्या श्रेया लाइफ सायन्सेसने ‘ओरल रेकोसुलिन’ या नावाने इन्शुलिनचा फवारा भारतात आणला. तो गालाच्या आतल्या बाजूवर मारायचा होता. पण फवाऱ्यातल्या इन्शुलिनपैकी साधारण दहावा हिस्साच रक्तात पोचायचा, त्यामुळे एका जेवणासाठी बरेच फवारे घ्यावे लागत. नित्याच्या वापरात तो रुजला नाही. त्यातून मिळालेला धडा मात्र पक्का होता, की लहान रेणूला ही भिंत सोपी आहे आणि मोठ्या रेणूला अवघड.

अडथळे तीन आहेत. पहिला लाळेचा. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि ठेवलेले औषध धुऊन नेते. दुसरा लाळेतल्या चिकट बुळबुळीचा, म्हणजे श्लेष्म्याचा. तो मोठ्या कणांना जाळ्यात धरतो. तिसरा भिंतीचा. अस्तराच्या वरच्या थरांत पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थाने लिंपलेल्या असतात.

इथे सूक्ष्मकण उपयोगी पडतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या कणात औषध किंवा लस भरली तर ती लाळेतल्या विकरांपासून वाचते. कणाच्या अंगावर बुळबुळीत आवरण दिले तर तो श्लेष्म्यातून निसटतो, चिकट आवरण दिले तर अस्तराला धरून राहतो. चिकटवण्यासाठी आवडीने वापरला जाणारा पदार्थ म्हणजे कायटोसान. तो कोळंबी आणि खेकड्यांच्या टरफलांपासून मिळतो. त्याच्यावर धनभार असतो, श्लेष्म्यावर ऋणभार, म्हणून दोघे एकमेकांना धरतात. पेशींमधले सांधेही तो काही काळ सैल करतो.

सूक्ष्मकणांची लस महाराष्ट्रात नवखी नाही. पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने जेमकोव्हॅक ही भारताची पहिली एमआरएनए लस बनवली आणि जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. तिच्यातला आरएनए स्निग्ध सूक्ष्मकणांत बसवलेला असतो. कोरडी पूड करून ठेवल्याने ती साध्या फ्रीजच्या २ ते ८ अंश तापमानात टिकते. २०२३ मध्ये आलेली तिची पुढची आवृत्ती सुईविना, उपकरणाच्या दाबाने कातडीत देता येते. कण आपल्याकडे बनतात आणि सुई टाळण्याचे तंत्रही आले आहे, आता गालापर्यंतचा टप्पा गाठायचा आहे.

तो गाठण्याच्या दोन युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘म्युकोजेट’ हे गोळीएवढे उपकरण सादर केले. त्यात सायट्रिक आम्ल आणि खायचा सोडा एकत्र आले की वायू फसफसतो आणि त्या दाबाने लसीची बारीक धार गालाच्या अस्तरात शिरते. सशांमध्ये ती चालली. झुरिचच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अष्टपादाच्या चूषकावरून छोटी वाटी बनवली. ती गालाला चिकटवून दाबली की अस्तर ताणले जाते, पातळ होते आणि मोठे रेणूही आत जातात. औषधाची चाचणी त्यांनी कुत्र्यांवर केली, आणि नुसती वाटी चाळीस माणसांनी अर्धा तास गालात ठेवून पाहिली.

मटणाच्या दुकानातून प्रयोगशाळेत

अशा संशोधनाला नेहमीच परदेशी यंत्रे लागतात असे नाही. आपल्याकडच्या फार्मसी महाविद्यालयांत गालाला चिकटवायच्या औषधी पट्टीचा अभ्यास बोकडाच्या गालापासून सुरू होतो. विद्यार्थी सकाळी मटणाच्या दुकानातून ताजा गाल बर्फात ठेवून आणतात. आतले अस्तर चिमट्याने आणि ब्लेडने हळूच सोडवतात, चरबी काढतात आणि मिठाच्या सौम्य द्रावणात धुतात. मग ते अस्तर काचेच्या दोन कप्प्यांमध्ये पडद्यासारखे ताणून बसवतात. वरच्या कप्प्यात लाळेसारख्या सामूच्या द्रावात पट्टी, खालच्या कप्प्यात रक्ताच्या सामूचा, ७.४ चा द्राव. बाहेरून ३७ अंशांचे पाणी फिरते, तळाशी चुंबकाचा छोटा दांडा गरगरतो. ठरावीक वेळाने खालचा थोडा द्राव पिचकारीने काढून पाहायचे, किती औषध पलीकडे आले.

पट्टी बनवतानाही असेच निगुतीने काम चालते. कायटोसान किंवा सोडियम अल्जिनेटचा पातळ खळ काचेच्या बशीत ओतून सुकवतात, पापडासारखी झिल्ली निघते. तिचे दोन सेंटिमीटरचे चौकोन कापतात. एकाच घडीवर ती किती वेळा दुमडली तर मोडते, हे हाताने मोजतात, तीनशे घड्या सोसल्या तर ती गालात टिकेल असे समजतात. चिकटपणा मोजायला तराजूच वापरतात. एका बाजूला अस्तराला चिकटलेली पट्टी, दुसऱ्या पारड्यात थोडे थोडे वजन. ज्या वजनाला पट्टी सुटते, ती तिची ताकद. लस देण्याची पट्टीही शेवटी याच कसोट्यांतून जाणार आहे.

तीन बोटांची परीक्षा

आता पुन्हा हिंगणा रोडवर येऊ. डिगडोहच्या टेकडीवर लता मंगेशकर रुग्णालयाजवळ एक दंत महाविद्यालय आहे आणि वानाडोंगरीकडे दादासाहेब काळमेघ यांच्या नावाचे दुसरे. विदर्भातल्या दंत ओपीडीत डॉक्टर तरुण रुग्णाला अनेकदा एकच गोष्ट करायला सांगतात. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक ठेवून उभी तोंडात घाला. निरोगी तोंडात ती सहज जातात. रोजचा खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात कधी दोन जातात, कधी एकच.

या आजाराला वैद्यकात ‘सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात, आणि १९५३ मध्ये हे नाव रूढ केले ते मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे आणि तांब्यामुळे अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू साचतात, एकमेकांत घट्ट विणले जातात आणि सहजी विरघळत नाहीत. गाल आतून पांढुरका, चामड्यासारखा होतो. तिखटाचा एक कण लागला तरी आग होते. पुढचा धोका कर्करोगाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाने केरळात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला. त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे ७.६ टक्क्यांना तोंडाचा कर्करोग झाला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खात होते.

या रुग्णांच्या उपचारात स्टेरॉइड आणि हायल्युरोनिडेझची इंजेक्शने थेट गालाच्या अस्तरात, तीही पुन्हा पुन्हा द्यावी लागतात. आधीच आगीने होरपळलेल्या गालात सुई! औषधाची चिकट पट्टी सर्वांत आधी कोणाला मिळायला हवी, तर या माणसांना. हळदीतले करक्युमिन सूक्ष्मकणांत भरून किंवा चिकट जेलमधून गालाला देण्याचे अभ्यास भारतात झाले आहेत, ते याच गरजेतून. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही आणि गिळले तर रक्तात फारच थोडे पोचते. दुखऱ्या जागीच ते टिकवून धरणे हा त्यावरचा सरळ मार्ग आहे.

माझे म्हणणे इथे येऊन ठेपते. झुरिचच्या संशोधकांची वाटी चाळीस निरोगी गालांवर बसली, याचा अर्थ ती हिंगण्यातल्या गालावर बसेल असा नाही. या आजारात वरचे अस्तर झिजते, खालची ऊती दाट होते आणि तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ताणून चिकटणारी वाटी न ताणल्या जाणाऱ्या गालावर काय करील? जिथे रक्तच कमी फिरते तिथून लस किती उचलली जाईल? ही उत्तरे बोकडाच्या मऊ गालावरून मिळणार नाहीत. ती विदर्भातल्या दंत ओपीडीतच शोधावी लागतील. रुग्ण इथे आहेत, त्यांचे गाल रोज तपासणारे डॉक्टर इथे आहेत, पट्ट्या बनवणाऱ्या प्रयोगशाळाही याच भागात आहेत. तोंडावाटे देण्याची कुठलीही लस आपल्या देशात येईल तेव्हा तिची चाचणी खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडातही झाली पाहिजे. नाहीतर गरीब कामगाराला पुन्हा एकदा सुईच्याच रांगेत उभे राहावे लागेल.

पण एक काम संशोधकांची वाट न पाहता आज करता येते. हे पान वाचून झाले की हात धुवा आणि तीन बोटे एकावर एक तोंडात घालून पाहा. घरातल्या पोरांनाही करायला सांगा, खर्रा कोण खातो हे न विचारता. बोटे अडली तर पन्नी त्याच दिवशी फेकून द्या आणि जवळची दंत ओपीडी गाठा. गेलेली लवचीकता सगळी परत येत नाही, पण उरलेली राखता येते. उद्याची लस याच गालातून जाणार आहे.